सोपवलेला सप्ताह

ललिताताई दमल्या होत्या. हे दमणं गरम पाण्यात पाय बुडवून बसलं की उतरतं तसलं नव्हतं. ते हाडांत मुरलेलं होतं, रात्री उशाशी ठेवून झोपावं आणि सकाळी डोळे उघडताच समोर हजर असावं असं. आणि अशा बाईला कंपनीनं शनिवारच्या सुट्टीचंसुद्धा दादरला शिकायला पाठवलं होतं.

त्याचं असं झालं, की बंदरातला माल सोडवणाऱ्या फोर्टातल्या ज्या क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात त्यांची अर्धी हयात गेली, ते एका मोठ्या कंपनीनं विकत घेतलं. नव्या मालकांनी फर्मान काढलं, ज्यांच्या हाताखाली माणसं आहेत त्या सगळ्यांनी व्यवस्थापनाची मूलतत्त्वं शिकून घ्यायची. मग दर शनिवारी दुपारी ललिताताई दादरच्या एका थंडगार खोलीत पदर लपेटून बसायच्या, आणि मुलीच्या वयाची मानसी मॅडम भिंतीवर चौकोन आणि बाण पाडून समजावायची. आधी योजना, मग माणसांची जुळवाजुळव, मग कामाची वाटणी, मग देखरेख. ललिताताईंना सगळं पटायचं. फक्त दुसऱ्या चौकोनापाशी डोळे मिटायचे.

एका शनिवारी विषय निघाला काम सोपवण्याचा. मानसी मॅडमनं एकेकाला विचारलं, तुम्ही स्वतः करता त्यातलं कोणतं काम दुसऱ्याला देता येईल. कोणी काही, कोणी काही सांगितलं. ललिताताई म्हणाल्या, "माझ्याकडे तसं एकही नाही." वर्ग हसला. मानसी हसली नाही. तिनं गृहपाठच दिला. जिवाभावाचं एक काम निवडायचं आणि पुरतं दुसऱ्याच्या हाती द्यायचं. एकदा नीट समजावून सांगायचं, मग मागितल्याशिवाय मदत नाही, विचारपूस नाही, दुरुस्ती तर नाहीच नाही. काय होतं ते येऊन वर्गात सांगायचं.

जिवाभावाचं काम म्हटल्यावर ललिताताईंच्या डोळ्यांपुढे एकच आलं, गिरगावातल्या त्यांच्या वाडीतल्या दत्तमंदिराचा कीर्तन सप्ताह.

ज्यांनी कीर्तन गादीसमोर बसून ऐकलेलं नाही त्यांना काय सांगावं. बुवा उपरणं सावरून उभे राहतात, झांजेचा पहिला नाद उठतो, आणि दिवसभर ऑफिसात, स्वयंपाकघरात विस्कटून पडलेलं मन आपलं आपण गोळा होऊन येऊन बसतं. पूर्वरंगात अभंगाचा एकेक पदर उलगडतो, उत्तररंगात आख्यान रंगतं, आणि घरी जाताना माणूस आलेला असतो त्याहून थोडा बरा झालेला असतो. ललिताताई लग्न होऊन वाडीत आल्या तेव्हापासून त्यांना या गोष्टीचं वेड. त्या वेडापायीच त्यांनी सप्ताहाचं काम अंगावर घेतलं. बुवा ठरवणं, पेटी-तबल्याची साथ, सतरंज्या, हार, बुक्का, सुंठवडा, सगळं. सुरुवातीला मदतीला वाडी लोटायची. मग एकेक जण गळत गेला. गेली काही वर्षं त्या एकट्याच मंदिराच्या दारातल्या खांबाला टेकून उभ्या असायच्या, एक कान बुवांकडे आणि दुसरा प्रसादाच्या पातेल्याकडे. अखंड आख्यान शेवटचं कधी ऐकलं, ते त्यांना आठवत नव्हतं.

गणपती गेल्यावर त्यांनी मंदिराचे जुने पंच अप्पा यांना सांगून टाकलं होतं, की कीर्तनाचं हे शेवटचं वर्ष. माझ्यानं आता होत नाही आणि दुसरं कोणी पुढे येत नाही. अप्पा काठीच्या मुठीवर हनुवटी टेकून म्हणाले, मग पुढच्या वर्षीपासून स्पीकरवर काहीतरी लावू. ते वाक्य ललिताताईंच्या मनात कुसळासारखं रुतून बसलं होतं. म्हणून हा गृहपाठ त्यांनी मार्कांसाठी घेतला नव्हता. कोणाच्या हाती सप्ताह लागला तर कीर्तन राहणार होतं, नाहीतर गादी कायमची कपाटात जाणार होती.

तिसऱ्या मजल्यावरची वैदेही त्यांना बरी वाटली. बँकेत नोकरी, गळा गोड, बोलणं सरळ. वैदेहीनं सगळं ऐकून घेतलं.

"काकू, नक्की? पूर्ण माझ्याकडे?"

"पूर्ण," ललिताताई म्हणाल्या, आणि मंदिराच्या कपाटाच्या किल्ल्या तिच्या हातावर ठेवल्या.

घरी हेरंबरावांना, म्हणजे यजमानांना, हे कळलं तेव्हा त्यांनी वर्तमानपत्र खाली केलं. "सप्ताह सोपवलास? मला इतक्या वर्षांत चहात आलं किसायचं काम दिलं नाहीस."

"तुम्ही जाडं किसता," ललिताताई म्हणाल्या. हेरंबरावांनी पुन्हा वर्तमानपत्र वर केलं.

पुढचे दिवस फार जड गेले. वैदेहीनं कीर्तनाची वेळ पुढे ढकलली, ऑफिसातून येणाऱ्यांना गाठता यावं म्हणून. ललिताताई गप्प बसल्या. तिनं भिंतीकडेनं खुर्च्या मांडायचं ठरवलं, गुडघेवाल्यांसाठी. कीर्तन का खुर्चीत बसून ऐकतात? पण त्या गप्प बसल्या. तिनं सौमित्रबुवा म्हणून कोणी तरुण कीर्तनकार बोलावले, ज्यांचं नाव ललिताताईंनी ऐकलेलंसुद्धा नव्हतं. तरी त्या गप्पच बसल्या. काम करून जेवढा शीण येतो त्याच्या दुप्पट न करता येतो, हे त्यांना त्या दिवसांत कळलं.

पण सप्ताहाच्या पहिल्या दिवशी सकाळी मंदिरात नमस्काराला गेल्या आणि टोपलीत बुवांसाठी आणलेला हार दिसला. शेवंतीचा, बारीक, जेमतेम छातीपर्यंत पोचेल असा. मध्यंतरात बुवांच्या गळ्यात पडणारा हार म्हणजे गादीचा मान. गुलाब हवेत, तुळस हवी, भरगच्च हवा. त्यांनी स्वतःला खूप समजावलं. मग नुसता जवळ असू दे, वेळ पडली तर, असं म्हणत वाकडी वाट करून त्या दादरच्या फूलबाजारात गेल्या, मनासारखा हार घेतला, ऑफिसच्या फ्रिजमध्ये डब्यांच्या मागे ठेवला आणि संध्याकाळी पिशवीत घालून मंदिरात आणला. आता मनात खरोखर काही नसतं, तर पिशवी घरी ठेवून यायला काय झालं होतं?

सौमित्रबुवांनी पूर्वरंग छान बांधला. वय लहान, पण आवाजात ओलावा होता. निरूपण संपलं, नामाचा गजर सुरू झाला, बुवा हात जोडून थांबले. वैदेही हाराचं तबक घेऊन पुढे झाली. आणि ललिताताईंना आपण खांबापासून कधी सुटलो ते कळलंच नाही. इतक्या वर्षांची सवय पायांत होती, पाय निघाले. बुवांच्या पुढ्यात दोन बायका दोन हार घेऊन उभ्या, आणि सगळी वाडी बघते आहे.

बुवांनी एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. आधी वैदेहीपुढे मान वाकवली, मग ललिताताईंपुढे. दोन्ही हार सारखे करत श्रोत्यांना म्हणाले, "मंडळी, या वाडीत यजमान दोन आहेत. बुवाला मान मात्र एकच." मंडळी दिलखुलास हसली. वैदेहीही हसली, पण बुक्का लावून झाल्यावर रिकामं तबक घेऊन ती थेट बाहेर गेली.

आरती झाल्यावर तिनं किल्ल्या परत दिल्या. "काकू, तुम्हीच करा."

"अगं, एवढ्या हारावरून..."

"हाराचं नाही काकू. मागे मी गाभाऱ्यासमोर रांगोळी काढली होती. मी हात धुऊन येईपर्यंत तुम्ही ती पुसून नवीन काढलीत. मीनाक्षीनं घातलेल्या सतरंज्या तुम्ही उचलून परत घातल्यात, म्हणून ती येत नाही. कोणी पुढे येत नाही म्हणता ना? सगळे आले होते. तुम्हाला कोणाचं चाललं नाही."

ती हे चिडून बोलली असती तर ललिताताईंनी उत्तर दिलं असतं. ती दमून बोलली. दमलेल्या माणसाचं खरं बोलणं परतवता येत नाही. मीनाक्षी मागच्या चाळीतली, तिची सासू आजारी असते म्हणून ती येत नाही, अशी ललिताताईंची समजूत होती. म्हणजे लोक गळाले म्हणून त्या दमल्या नव्हत्या. त्यांनीच एकेकाला घरी पाठवलं होतं, आणि मग एकटेपणानं दमल्या होत्या.

सकाळी ऑफिसला निघण्याआधी त्या तिसऱ्या मजल्यावर गेल्या. वैदेही डबा भरत होती. ललिताताईंनी किल्ल्या ओट्यावर ठेवल्या.

"मला सोडता येत नाही गं. हात आपोआप जातात. पण तू सोडलंस तर कीर्तन गेलं. तूच काहीतरी उपाय सांग मला."

वैदेहीनं पोळीची सुरळी करून डब्यात ठेवली, झाकण लावलं, मग वळली. "आजपासून खांबापाशी उभं राहायचं नाही. बायकांच्या मधोमध मांडी घालून बसायचं."

"एवढंच?"

"तिथून उठून दाखवा."

पोरगी हुशार होती. चालू कीर्तनात बुवांच्या डोळ्यांसमोरून उठून जाणं म्हणजे केवढा अपमान, हे ललिताताईंनीच वाडीतल्या दोन पिढ्यांना दरडावून शिकवलं होतं.

त्या संध्याकाळी त्या मधोमध बसल्या. चारी बाजूंनी गुडघे, पर्सा, गजऱ्यांचे वास. उजवीकडे नेमकी मीनाक्षी येऊन बसली, थोडी अवघडून. आणि कीर्तन सुरू व्हायच्या वेळेला दारापाशी वैदेही फोनवर हलक्या आवाजात बोलताना दिसली. तबलजी वडाळ्याच्या पुढे कुठेतरी अडकले होते. मुगभाटात एक तबलजी राहतात, हाकेच्या अंतरावर, त्यांचा नंबर ललिताताईंच्या फोनमध्ये होता. फोन मांडीवरच्या पर्समध्ये होता. त्यांनी पर्सची चेन उघडली. वैदेहीकडे पाहिलं. वैदेहीनं त्यांच्याकडे पाहिलं नाही, मदत मागितली नाही. त्यांनी चेन बंद केली. तो छोटासा आवाज मीनाक्षीनं ऐकला असावा, कारण तिनं आपला गुडघा जरा आवरून त्यांना जागा करून दिली.

बुवा नुसत्या पेटीवर आणि झांजेवर उभे राहिले. श्रोत्यांनाच म्हणाले, ठेका तुम्ही धरा. वाडीनं टाळ्यांचा ठेका धरला, पण प्रत्येक खुर्चीचा ठेका वेगळा. ललिताताईंच्या कानाला ते सोसवेना. मग हळूहळू सोसवलं. मग ते ऐकू यायचंच थांबलं.

उत्तररंगात बुवांनी घंटा ओतणाऱ्या एका कारागिराचं आख्यान लावलं. देवासाठी घंटा ओतायची, पण कितीदा ओतली तरी वाजेना. नुसती ठक्‌ म्हणायची. कारागिरानं घरातली भांडी वितळवली, समया वितळवल्या, शेवटी बायकोनं पायातली जोडवी काढून दिली. बुवांचा आवाज खाली खाली येत होता. कारागीर आता मुशीत जोडवी टाकतोय, इथपर्यंत ललिताताईंनी ऐकलं, आणि इतक्या वर्षांचं ओझं घेऊन त्यांचं डोकं मीनाक्षीच्या खांद्यावर टेकलं.

जाग आली तेव्हा आरती चालली होती. सगळे उभे होते. मीनाक्षी तेवढी बसून होती, खांदा न हलवता, बसल्या बसल्याच टाळ्या वाजवत.

मंदिर रिकामं होऊ लागलं तशा ललिताताई उठून वैदेहीपाशी गेल्या. आपण झोपलो हे सांगायची लाज वाटत होती, पण राहवत नव्हतं. "वैदेही, ती घंटा वाजली का गं शेवटी?"

वैदेहीच्या कपाळाला केस चिकटले होते. "काकू, मी कुठे ऐकलं? तबलजींना फोन, मग प्रसादाचे द्रोण कमी पडले, मग माईक खरखरायला लागला. मी सगळा वेळ बाहेरच होते."

ललिताताई तिच्याकडे बघत राहिल्या. हा चेहरा त्यांनी पाहिला होता, कुठे दुसरीकडे नाही, स्वतःच्याच आरशात. काम सोपवलं, आणि कामाबरोबर दमणंही जसंच्या तसं तिच्या ओंजळीत टाकलं. मानसी मॅडमच्या चौकोनांत याला जागा आहे का, ते शनिवारी विचारायला हवं होतं.

"एक सुचवू? दुरुस्ती नाही."

"सुचवा."

"उद्या प्रसाद मीनाक्षीवर सोड. फोनबिन दुसऱ्या कोणाला दे. आणि तू माझ्या शेजारी मधोमध बस."

"मीनाक्षी नीट करेल? ती द्रोण अर्धेच..." वैदेही बोलता बोलता थांबली. आधी वैदेहीला हसू आलं, मग दोघींनाही, फार मोठं नाही, दमलेल्या माणसांना परवडतं तेवढं.

अप्पा काठी टेकत आले. "मग ललिता, पुढच्या वर्षी बंदच ना कीर्तन? तसं पंचांना कळवतो."

"मला काय विचारता अप्पा? किल्ल्या तिच्याकडे आहेत."

अप्पांनी वैदेहीकडे मान वळवली. वैदेहीनं कपाळावरचे केस मागे सारले. "सौमित्रबुवांनाच बोलवू या पुढच्या वर्षी. मला त्यांचं आख्यान पूर्ण ऐकायचंय. अप्पा, तुम्ही जागे होतात ना? घंटेचं काय झालं?"

"म्हणजे तुम्ही दोघींनीही ऐकलं नाही?" अप्पांनी खेदानं मान हलवली. मग काठी भिंतीला टेकवली, सतरंजीच्या कडेला हळूच खाली बसले, दोघींनाही बसा म्हणाले. ललिताताईंना वाटलं, एका वाक्यात शेवट सांगतील. पण अप्पांनी घसा साफ केला, डोळे मिटले, आणि थेट पूर्वरंगापासून सुरुवात केली.

त्यांच्या पाठीमागे मीनाक्षी आणि बाकीच्या बायका सतरंज्यांच्या घड्या घालत होत्या. टोकाला टोक लागत नव्हतं, ते ललिताताईंना न बघताही कळत होतं. त्यांनी मांडी जरा सैल केली आणि अप्पांकडे कान लावला.