हळदीकुंकवाला वाचलेले मेसेज

आमच्या घरात सगळ्यांच्या मोबाइलचं खातं एकच, आणि ते माझ्या नावाचं. देवळाली कॅम्पात माझ्या भाच्याचं, दीपकचं, मोबाइलचं दुकान आहे. घरात नवा फोन आला की तोच चालू करून द्यायचा. सासू म्हटलं की किल्ल्या हातात हव्यातच, नाही का?

गेल्या डिसेंबरात सून हर्षालीच्या फोनची काच फुटली. तिनं तो सिमसकट दुकानात दिला. मी दीपकला म्हटलं, "बघ तरी, ही माझ्या महेशचे काय कान भरते ते." त्यानं तिचं सिम दुसऱ्या फोनात घातलं. मेसेज साठतात ते खातं माझंच, मग काय! दहा मिनिटांत तिचं सगळं बोलणं बॅकअपमधून त्या फोनात उतरलं. महेश फौजेत, राजस्थानात. बायकोला त्यानं लिहिलेलं, "मार्चमध्ये क्वार्टर मिळतंय. तू ये इकडे. आईला आत्ताच सांगू नकोस, घर डोक्यावर घेईल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नऊ महिने पोटात वाढवला मी, आणि मलाच सांगू नकोस?

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वीसेक बायका जमल्या होत्या. वाण वाटता वाटता मी ते सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. क्वार्टरचं तर वाचलंच, पण नवराबायकोनं एकमेकांनाच लिहायचं असतं तेही वाचलं. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. हर्षाली तिळगुळाचं ताट धरून उभी होती. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

त्याच दिवशी तिनं बॅकअपला पासवर्डचं कुलूप घातलं. महेशचा मला फोन आला. "आई, तुझी लाज वाटते मला." मी काय कमी आहे? त्याला ब्लॉक केलं, त्याचे सगळे मेसेज पुसून टाकले. म्हटलं, येईल नाक घासत.

फेब्रुवारीत त्याची जीप उलटली. पेटी उघडू दिली नाही आम्हाला.

तेराव्यानंतर एक दिवस मला त्याचा आवाजच आठवेना. वेड लागायची पाळी आली. आवाज होता तो फक्त हर्षालीच्या मेसेजात, आणि तिचा फोन लॉक असायचा, मला उघडायची सोय नव्हती. मग ती आंघोळीला गेल्यावर मी तिचं सिम काढलं. दीपकला आधीच बोलावून ठेवलं होतं. बॅकअप आला, पण पासवर्ड मागायला लागला. महेशचा वाढदिवस घातला, लग्नाची तारीख घातली, काही लागेना.

"आत्या, हे आता कंपनीलासुद्धा उघडता येत नाही," दीपक म्हणाला.

हर्षाली ओल्या केसांनी दारात उभी होती. ओरडली नाही. "आई, त्यांच्या शेवटच्या व्हॉइस मेसेजची सुरुवातच अशी आहे," ती म्हणाली, "'हे आईला ऐकव.'"

मी सुनेचे पाय धरले. हो, मी! "एकदाच ऐकव गं. तुझ्या पाया पडते."

"तुम्ही सगळ्यांना ऐकवलंत ना? आता हा माझ्या एकटीचा."

"खरं आहे का गं हे? की मला जाळायला बोलतेस?"

तिनं सिम आपल्या फोनात घातलं, सगळं परत चालू करून घेतलं.

"किती मोठा आहे, तेवढं तरी सांग."

"अठ्ठेचाळीस सेकंद," म्हणाली आणि माझ्यासमोरच बसून तिनं कानात इअरफोन घातले.

मी तिच्या तोंडाकडे बघत अठ्ठेचाळीसपर्यंत मोजलं.