सहावं वल्हं

तीन दिवस जहाज किनाऱ्यापासून लांब घिरट्या घालत होतं. खलाशांना आमचे बटाटे हवे होते म्हणून थांबलं होतं, पण लाटा इतक्या मोठ्या की आमची होडी पाण्यात लोटता येईना. मी घरात बसायचो, उठायचो, परत किनाऱ्यावर यायचो.

त्या जहाजावर माझ्यासाठी बायको होती. मी मागितली नव्हती. बेटावर आम्ही सहा पुरुष, त्यातले पाच संसारी. माझी बायको हेस्टर वारून दोन महिने होतात न होतात, तोच आमच्यातल्या रड नावाच्या गड्याने याच जहाजाच्या कप्तानाच्या हाती सेंट हेलेना बेटावर निरोप धाडला, एक बायको पाठवा. आमच्या सगळ्यांच्या बायका तशाच आल्या होत्या. हेस्टरही.

"माझं नाव कोणाला विचारून दिलंस?" मी जाऊन त्या रडला विचारलं.

त्याची बायको कझाया मध्येच बोलली, "आणि तू रोज आमच्या चुलीपाशी येऊन बसतोस, ते कोणाला विचारून?"

चौथ्या दिवशी सकाळी समुद्र जरा शांत झाला. होडीला सहा वल्ही लागतात. मी गेलो नाही तर बटाट्यांच्या बदल्यात पीठ येणार नव्हतं, कापड येणार नव्हतं, आणि ती बाईही नाही. पाचही जण होडी धरून नुसते उभे राहिले. मी होडीत चढलो. मनाशी ठरवलं, तिला तोंडावर सांगायचं, परत जा.

होडी जहाजाला लागली तसा मी शिडीने वर गेलो. ती कठड्याशी गाठोडं घेऊन उभी होती. तिशीची असेल. डॉर्कस नाव.

"मी तुम्हाला बोलावलं नाही," मी म्हणालो. "बाकीच्यांनी परस्पर कळवलं. परत जायचं तर जा."

"परत कुठे? हे जहाज आता दोन वर्षं देवमाशांच्या मागे फिरणार." ती माझ्याकडे बघत राहिली. "मला सांगितलं, तुम्ही वाट बघताय."

"खोटं सांगितलं."

"म्हणजे दोघंही फसलो."

खालून रड ओरडला, "आटपा रे, वारा फिरतोय."

मी तिचं गाठोडं घेतलं. "घर आहे. त्यात तुम्ही राहा. मी रडच्या कोठारात झोपेन. पुढचं तुमचं तुम्ही ठरवा."

"आणि तुमचं?"

"मला अजून काही ठरवता येत नाही."

"दाराला आतून कडी आहे?"

"नाही. आज बसवतो."

ती शिडीवरून उतरली. वल्हवणाऱ्याचं तोंड होडीच्या मागच्या टोकाकडे असतं, आणि तिला तिथेच बसवलं होतं. किनारा येईपर्यंत कुठे बघावं ते मला कळेना.