डाव्या मांडीची जागा

सुई आमच्या घरी जेवणं झाल्यावर. आधी ताटं उचलायची, ओटा पुसायचा, मग फ्रीजच्या मधल्या फळीवरचा निळा डबा काढायचा. त्या डब्याला माझ्या आणि सुनेच्या हाताशिवाय कोणाचा हात लागत नाही. बर्फाच्या कप्प्याजवळ ठेवायचा नाही, फ्रीजच्या दारात ठेवायचा नाही, वर मेथीची जुडी टाकायची नाही. रोशननं, माझ्या मुलानं, एकदा पाण्याची बाटली घुसवताना तो डबा मागे बर्फाकडे ढकलला होता. त्या दिवशी मी त्याला जे बोलले ते आजूबाजूच्या चार घरांनी ऐकलं. औषध गोठलं की फेकायचंच, असं दवाखान्यात पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. सांगितलेलं मी ऐकते. सगळं ऐकत नाही, ते पुढे येईलच.

सुरभी माझी नात. नववं सरत आलं, दिसते पाच वर्षांची. शाळेत रांगेत सगळ्यात पुढे तीच, आणि तिच्या मागच्या पोरी दरवर्षी बदलतात. वर्ध्याच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, अंग वाढवणारा रस डोक्यात तयार होतो, तो हिच्यात कमी पडतो, म्हणून बाहेरून द्यायचा. रोज. वाढायचं वय आहे तोवर. रोज म्हणजे सणाला, सुतकात, लग्नाच्या मांडवात, कापूस घरात येत असताना. मला तेव्हा वाटलं, रोज तर रोज, भाकरी नाही का करत आपण रोज. पण भाकरीचा कंटाळा येत नाही असं मी कधी म्हटलं होतं?

सुई देते वर्षाली, माझी सून. शिकलेली आहे, हात हलका आहे. दरवेळी औषधाच्या पेनाला नवी सुई लावते, पेनाच्या खिडकीतला आकडा पाहते, चामडी चिमटीत धरते, टोचल्यावर लगेच ओढत नाही, मनात मोजत थांबते. वापरलेली सुई जाड प्लास्टिकच्या बरणीत. मी सुरभीला धरते. धरणं हे काही कमी काम नाही. लाथ खाऊन माझ्या हनुवटीवर वळ उठला होता पहिल्या महिन्यात.

कारण तेव्हा जागा बदलत होतो आम्ही. आज उजवी मांडी, उद्या डावी, परवा पोट. पोटावर दिली की ती अशी ओरडायची की रस्त्यावरचा माणूस थांबावा. मग एकदा डाव्या मांडीवर, बाहेरच्या अंगाला जरा वर, सुई गेली आणि ती गप्प राहिली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "आजी, तिथंच. तिथं नाई दुखत."

"आई, नर्सबाईनं जागा बदलवत राहा म्हनलं होतं," वर्षाली म्हणाली.

"नर्सबाई येते का इथं लाथा खायाले?"

"तसं नाई, पन..."

"मंग तिथंच दे. पोट्टी टीव्ही पाह्यत सुई घेऊन राह्यली, आनखी काय पाह्यजे तुले?"

तिनं तिथंच चिमटी धरली. माझ्या घरात माझ्या शब्दानंतर कोणी बोलत नाही, तशी रीतच आहे. त्या दिवसापासून डावी मांडी. घर शांत झालं. ताटं, ओटा, डबा, सुई, झोप. मला वाटलं, एवढी साधी गोष्ट या शिकलेल्यांना सुचत नाही.

स्वयंपाकघराच्या दाराला सागवानी चौकट आहे. दर दिवाळीला सुरभीला तिथं उभी करून डोक्यावर मी विळ्याच्या टोकानं खूण करते. ह्या दिवाळीच्या आधी रोशनला टाइलांची हौस आली. जुनी फरशी उखडली नाही, तिच्यावरच सिमेंट ओतून टाइल बसवल्या. मग स्वयंपाकघराचं दार उघडेना. तानबा सुतारानं ते खालून कापून दिलं. कापलेली पट्टी मी माठ डुगडुगतो म्हणून त्याच्याखाली सरकवली. पाडव्याला न्हाऊन आलेल्या सुरभीला चौकटीशी उभी केली, खूण केली, आणि जुन्या खुणेवर बोटं ठेवून पाहिली. चार बोटं.

मी नलूला फोन लावला. नलू माझी धाकटी बहीण, समुद्रपूरला दिलेली. गेल्या लग्नात चार बायांत म्हणाली होती, तुई नात तर ताटाखाली झाकली जाईन.

"चार बोटं वाढली पोट्टी," मी म्हटलं.

"खरं का बाई? सुईनं?"

"नाई, तुया तोंडाच्या गोडव्यानं."

"बरं झालं वं. मी नवसच बोलली होती."

"मंग फेड. तोंड बंद ठेवजो वर्षभर, फिटला नवस."

दिवाळीनंतर वर्ध्याची तारीख होती. रोशन कापसाच्या गाडीवर, म्हणून आम्ही तिघीच निघालो. वडनेरहून हिंगणघाट, तिथून वर्धा, एस.टी.त उभ्यानं. वर्षभरातली ही कितवी तरी खेप. गुडघे बोलतात, पण मी त्यांना बोलू देत नाही. आज मात्र मी मजेत होते. मोठ्या रंगीत डब्यात अनारसे घेतले होते डॉक्टर मॅडमसाठी.

नर्सनं सुरभीला भिंतीच्या पट्टीशी उभं केलं. मोजलं. पुन्हा मोजलं. आत गेल्यावर मॅडमनं स्वतः उठून तिसऱ्यांदा मोजलं आणि खुर्चीत बसून कपाळ चोळलं.

"वर्षभरात जेवढं वाढायला हवं होतं, त्याच्या निम्मंही नाही."

"तुमची पट्टी सरकली असन," मी म्हटलं. "घरी चार बोटं वाढली हाय. मी सोता खूण केली."

"आजी, ही पट्टी भिंतीत ठोकलेली आहे."

"चौकट बी ठोकलेलीच हाय."

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "हे औषध ज्या मुलाला लागू पडत नाही, त्याचं चालू ठेवता येत नाही. तीन महिन्यांनी पुन्हा या. तेव्हाही उंची हलली नसेल तर मला बंद करावं लागेल. आणि वय एकदा निघून गेलं, हाडं जुळली, की मग देऊनही उपयोग नाही. रोज देता ना? चुकवत नाही ना?"

"एक दिवस नाई चुकला," वर्षाली म्हणाली. ते खरं होतं.

"फ्रीजमध्ये? गोठलं नाही ना कधी?"

"नाई."

"कुठे देता?"

उत्तर सुरभीनं दिलं. फ्रॉक वर करून तिनं डाव्या मांडीवर बोट ठेवलं, शाळेत नकाशावर गाव दाखवावं तसं. "इथं. इथं दुखतच नाई."

मॅडमनं ती जागा दोन बोटांनी दाबली. मग उजवी मांडी दाबली, मग पुन्हा डावी. नर्सला बोलावून तिलाही दाबायला लावली.

"रोज इथेच?"

सुरभीनं मान डोलावली.

"इथे चरबीची गाठ धरली आहे. एकाच जागी सतत टोचलं की धरते. दुखत नाही ते त्यामुळेच. पण गाठीत गेलेलं औषध अंगात नीट उतरत नाही. तुम्ही देता पुरतं, तिला मिळतं अर्धवट." त्यांनी वर्षालीकडे पाहिलं. "जागा बदलत राहा म्हणून सांगितलं होतं ना पहिल्या दिवशी?"

वर्षाली खाली पाहत होती. मला वाटलं, नेहमीसारखी गिळून टाकेल. बारा वर्षांत माझ्या वाटणीचं कितीतरी तिनं गिळलं आहे, मला काय ठाऊक नाही? पण ती म्हणाली, "सांगितलं होतं. आई इथंच दे म्हनल्या." आवाज चढवला नाही, रडली नाही. भाजीत मीठ घातलं का विचारल्यावर सांगावं, तसं सांगितलं.

तोंडाशी बरंच आलं होतं. पण मॅडमचा हात अजून त्या मांडीवर होता आणि सुरभी एकदा माझ्याकडे, एकदा आईकडे पाहत होती. अनारशांचा डबा माझ्या मांडीवर. मी त्याचं झाकण घट्ट केलं.

मॅडम रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, मला उत्तर देता आलं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "आता या जागेला काही महिने सुई लावू नका. बाकी जागा रोज बदला. ती रडेल. रडू द्या." डबा मी टेबलावर ठेवून आले. परत नेऊन काय करायचं होतं.

येताना बसायला जागा मिळाली. सुरभी माझ्या मांडीवर झोपली, वर्षाली पलीकडच्या खिडकीशी. हिंगणघाट आल्यावर माझा हात आपोआप त्या जागेवर गेला. मळून कापडाखाली ठेवलेल्या कणकेच्या गोळ्यासारखी, मऊ. दर रविवारी मी ह्याच पायांना तेल लावते. हाताला ती गाठ लागलीच होती. मी म्हणायची, पोट्टी भरून राह्यली.

घरी आले आणि लुगडंही न बदलता माठाखालची पट्टी ओढली. माठ कलंडला, पाणी सांडलं. पट्टी चौकटीवर दोन खुणांच्या मध्ये आडवी धरली. गेल्या दिवाळीची खूण खाली, ह्या दिवाळीची वर. जवळजवळ बसली. वर उरलं ते बोटभर.

दार जेवढं कापलं, तेवढीच जमीन वर आली होती. वाढली होती ती जमीन.

रोशन तेवढ्यात आला. "आई, काय करून राह्यली वं पान्यात?"

"तुया टाइला मोजून राह्यली."

"काय झालं दवाखान्यात?"

"बायकोले विचार. तिले आता बोलता येते."

ते मी उगाच बोलले. पण बोलले. वर्षालीनं आत भांडं आपटलं नाही, तेही मी ऐकलं.

जेवणं झाली. ताटं, ओटा, डबा. वर्षालीनं सुई लावली, आकडा पाहिला आणि सुरभीचा उजवा पाय पुढे घेतला. सुरभीनं तो ओढून घेतला. डावा पुढे केला.

"इथं दे."

"आता तिथं नाई, बेटा. मॅडमनं सांगितलं ना?"

"नाई. इथंच. तिकडे दुखते." मग ती माझ्याकडे वळली, माझ्या लुगड्याचा पदर तिनं मुठीत धरला. "आजी, सांग ना तिले. तू सांग, इथंच दे म्हनाव."

रोशन दारात उभा होता, तो माझ्याकडे पाहायला लागला. वर्षालीनं मात्र पाहिलं नाही. पेन हातात धरून ती थांबली होती. दवाखान्यात बोलून गेली खरी, पण आत्ता मी एक शब्द काढला असता तर ती पुन्हा डाव्या मांडीला सुई लावणार होती. मान खाली घालून लावली असती. हे घर मी तसंच घडवलं आहे. त्या क्षणापर्यंत मला त्याचा अभिमान होता.

मी फार थकले होते. बसनं थकले, गुडघ्यांनी थकले, आणि सगळ्यांच्या माझ्या तोंडाकडे पाहत राहण्यानं तर सगळ्यात जास्त.

"मले नको विचारू," मी म्हटलं. "सुई तुया आईची हाय. थे म्हनन तिथं."

सुरभीनं माझा पदर सोडला नाही. उलट ओढला. ती ओरडली, लाथ मारली, माझ्या मनगटाला चावली. मी धरलं. वर्षालीनं उजव्या मांडीवर सुई दिली, ओठ हलवत मोजलं, मग काढली. रक्ताचा एक थेंब आला, तो कापसानं टिपला. मी हात सैल केले तशी सुरभी तिच्याकडे गेली, जिनं टोचली तिच्याकडे, आणि तिच्या खांद्यात तोंड घालून हुंदके देत राहिली. माझ्याकडे पाठ.

सकाळी नलूचा फोन. "बाई, आनखी वाढली का वं?"

"वाढली का दवाखाना सांगन. मी मोजनं सोडलं."

"काऊन? काय झालं?"

"तुया नवस उलटला. ठेव फोन."

पट्टी मी पुन्हा माठाखाली सरकवली. माठाला तिची गरज आहेच. रोशन म्हणाला, टाइलेपासून नवी खूण करू. मी म्हटलं, चौकटीले हात लावायचा नाई.

त्या रात्री ताटं उचलली. ओटा पुसला. डबा काढला. सुरभी स्वतःहून चटईवर येऊन बसली, नाक ओढत.

"आज कुठं?" तिनं आईला विचारलं.

"पोट."

तिनं सवयीनं माझ्याकडे पाहिलं. मी काही म्हणेन म्हणून थांबली. मी पाय धरायला बसले. तिनं पाय माझ्याकडे दिले आणि तोंड आईकडे ठेवलं.