पायाखालचं ओलं

"अहो, माझ्या पायाखाली ओलं लागतंय."

चष्मेवाल्यांच्या बायकोचा हा आवाज तीन वर्षांपूर्वीचा. गाडी चढाला लागली होती, शेजारच्या सीटवर ती चपला काढून बसली होती, आणि चष्मेवाल्यांनी रस्त्यावरची नजर न हलवता उत्तर दिलं होतं, "भास असेल. नाहीतर तुझ्याच बाटलीतलं सांडलं असेल."

ती नुसती हसली. "जन्मात एकदा तरी म्हणा हो, तुझं खरं आहे म्हणून. जीभ काही झिजणार नाही."

त्यांनी म्हटलं नाही. पुढच्या वर्षी ती गेली.

आणि आता गाडीला तहान लागली होती. आधी महिन्याला रेडिएटरमध्ये बाटलीभर पाणी, मग आठवड्याला, आता दर दोन दिवसांनी. जमिनीवर मात्र थेंब नाही. मुलाचा फोनवर एकच धोशा, "बाबा, इंजिन उघडायची वेळ आली असेल तर सरळ भंगारात द्या. या वयात हवी कशाला गाडी?"

कशाला हवी, ते त्याला सांगण्यासारखं नव्हतं. घरात भिंतीशी बोललं की वेड लागल्यासारखं वाटतं. गाडीत शेजारच्या सीटशी बोललं की निदान रस्ता सरतो. रोज संध्याकाळी तासभर ते तिच्याशी बोलत फिरायचे. पेट्रोलवर चालवलेला संसार, दुसरं काय!

गॅरेजमध्ये मिस्त्रीने बॉनेट उघडलं. त्याच्या तोंडाचा पट्टा चालूच होता. "काका, गाडी पिते तर बोलत का नाही? आमच्याकडे पिणारे सगळे बडबडे." रेडिएटरच्या तोंडावर त्याने हातपंप बसवला आणि दाब भरला. पंपावरचा काटा वर चढला, जरा थबकला आणि हळूहळू उतरू लागला. दोघं वाकून बघत राहिले. रेडिएटर कोरडा. नळ्या कोरड्या. पाण्याचा पंप कोरडा.

मिस्त्रीने पंप उतरवला. "दाब तर उतरतोय. म्हणजे इंजिनाच्या आतच जात असेल. तसं असेल तर काका, मुलाचं ऐका."

चष्मेवाल्यांनी खिशातली किल्ली मुठीत धरली.

"एक सांगा," मिस्त्रीने विचारलं. "पुढची काच आतून धुरकट होते का?"

नेमकं हेच तर त्यांनी जगापासून लपवलं होतं. पस्तीस वर्षं चष्म्याच्या दुकानात त्यांनी लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढले. दिव्यांभोवती वलयं दिसतात असं गिऱ्हाईक म्हणालं की ते म्हणायचे, मोतीबिंदू असेल, डॉक्टरांना दाखवा. गाडी चालवताना स्वतःला वलयं दिसू लागली तेव्हा मात्र ते कुणाकडेही गेले नाहीत. गुपचूप दोन नवे चष्मे करून घेतले. डॉक्टरांना कळलं की मुलाला कळणार, आणि मुलाला कळलं की किल्ली जाणार.

"होते," ते पुटपुटले. "मला वाटलं, डोळेच गेले."

"मग गाडीतून उतरल्यावर नीट दिसायचं की नाही?"

"उतरल्यावर बघण्यासारखं होतं काय, मिस्त्री?"

मिस्त्रीने काचेवर आतून बोट ओढलं. बोट चिकट झालं, वास गोडसर आला. "कूलंट, इंजिन थंड ठेवणारं पाणी. डॅशबोर्डच्या पोटात हीटरची छोटी जाळी असते. ती पाझरतेय, वाफ काचेवर बसतेय. डोळे शाबूत आहेत तुमचे, आणि इंजिनही." तो शेजारच्या सीटपाशी गुडघ्यावर बसला. "इथे कोण बसतं?"

"कुणी नाही."

"म्हणूनच. कुणी बसत असतं तर पहिल्याच दिवशी ओरडलं असतं." त्याने मॅट उचलली. खाली वर्तमानपत्रं होती, चार घड्या घातलेली, एकावर एक, भिजून हिरवट झालेली. "हे कुणी ठेवलं?"

तशा चार घड्या घालणारं माणूस त्यांच्या घरात एकच होतं. पुन्हा तक्रार नाही, वाद नाही. पायाखाली आपला कागद घालायचा, भिजला की वर दुसरा. वरच्या कागदावरची तारीख चष्मेवाल्यांनी वाचली. तिला दवाखान्यात नेलं त्याच्या आदल्या आठवड्याची.

"हीटर लागतो का तुम्हाला?" मिस्त्री हळूच म्हणाला. "नसेल तर त्याच्या दोन नळ्या एकमेकींना जोडून टाकतो. अर्ध्या तासाचं काम. नवी जाळी म्हणजे अख्खा डॅशबोर्ड उतरवायचा, दोन दिवस."

"नवी बसव. तिचे पाय गार पडायचे."

मिस्त्रीने पाना उचलला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून इंजिन चालू केलं. कूलंटमधून बुडबुडे वर येऊ लागले. "कोंडलेली हवा आहे, काका. ती निघाल्याशिवाय कूलंट धड फिरत नाही. येऊ द्या सगळी." शेवटचा बुडबुडा फुटेपर्यंत चष्मेवाले तिथून हलले नाहीत.

मग ते नेहमीच्या चढाला लागले. काच लख्ख. रस्त्यावरचे दिवे पेटत होते, एकेक दिवा नुकत्याच ओवलेल्या मण्यासारखा गोल आणि नेटका. वलय कुठेच नाही. शेजारची सीटही तितकीच स्पष्ट दिसत होती. रिकामी.

त्यांनी हीटर लावला. ऊब शेजारच्या सीटपुढच्या नव्या, कोरड्या मॅटवर पसरली. गाडी कडेला घेऊन ते शेजारच्या सीटकडे वळले.

"ओलं होतं गं," ते म्हणाले. "तुझं खरं होतं."