हात आत घ्या

एकतीस वर्षं मी इस्पितळात माणसं ढकलली. वॉर्डातून एक्स-रेला, एक्स-रेहून ऑपरेशनला, तिथून परत वॉर्डात, आणि नशीब धड असेल तर फाटकातल्या गाडीपर्यंत. सगळे मला मावशी म्हणत. माझ्याहून वीस वर्षांनी मोठी म्हातारीसुद्धा "मावशी, हळू गं" म्हणायची. त्यामुळे सूनबाईने माझ्यासाठी गुपचूप व्हीलचेअर सांगून ठेवली आहे हे विमानतळाच्या दारात कळलं, तेव्हा माझा पारा चढला.

"मी काय पेशंट आहे?"

"नाही आई. पण तुमचा गुडघा..."

"गुडघा माझा आहे. तो काय म्हणतो ते मला कळतं. नको म्हणून सांग त्यांना."

सून गप्प बसली. तिची ही जुनी खोड. भांडायला समोर येतच नाही. मग माणसाने भांडावं तरी कुणाशी? त्या विमानतळावर मी चालतच गेले, आणि गुडघ्याने मला चांगलंच सुनावलं.

आम्ही तिघी कायमच्या निघालो होतो. मुलगा दोन वर्षांपूर्वी पुढे गेला होता. मागे राहिलो मी, सून आणि तीन वर्षांची नात. तिला नाव चांगलं ठेवलंय, पण गाल बघून मी तिला ठमी म्हणते. ठमीचा बाप फोनमध्ये राहतो अशी तिची पक्की समजूत. फोनची बॅटरी संपली की म्हणायची, "बाबा झोपला."

व्हिसावर तारीख होती. अठरा तारखेपर्यंत त्या देशात पाय ठेवायचा, नाहीतर सगळं पुन्हा पहिल्यापासून. कागद, रांगा, तपासण्या, आणखी दोन वर्षं. आणि आम्ही निघालो सतरा तारखेला. इतकं घोड्यावर बसून का निघालात, असं कुणी विचारलं तर उत्तर मलाच द्यावं लागेल. तीन वेळा मी जाणं लांबवलं. एकदा गुडघ्याचं कारण काढलं, एकदा घराच्या चाव्यांचं, तिसऱ्या वेळी कारणसुद्धा काढलं नाही, नुसती रुसून बसले. तिन्ही वेळा सूनबाईने तिकिटं बदलली. शेवटी मिळाली ती दोन वेगवेगळ्या कंपन्यांची. म्हणजे मधल्या विमानतळावर सगळं सामान उतरवून घ्यायचं आणि दुसऱ्या कंपनीकडे नव्याने द्यायचं. मध्ये चार तास होते.

"चार तासांत तर एक डुलकी होईल माझी," मी म्हणाले होते. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

बॅगा सहा. प्रत्येकीच्या मुठीला लाल रिबीन. घरी मी एकेक बॅग उचलून वजन सांगत होते आणि सून काट्याला लावून बघत होती. अर्ध्या किलोच्या वर चुकले नाही. माणसं उचललेल्या बाईला वजन कळतं. फक्त एका बॅगेबद्दल मी तोंडाला कुलूप घातलं होतं. सून झोपल्यावर मी तिच्यात माझा लोखंडी तवा चादरीत गुंडाळून सरकवला होता. बावीस वर्षांचा तवा. त्याच्यावर काही चिकटत नाही. तो काय मागे सोडायचा?

काउंटरवर ती बॅग जास्त भरली. "काहीतरी काढा," तिथला माणूस म्हणाला. सून फरशीवर उकिडवी बसली, चेन उघडली, चादर चाचपली आणि तिने माझ्याकडे पाहिलं. मी वरच्या फलकावर विमानांच्या वेळा वाचू लागले. तिने दुसरंच काहीतरी काढलं, दोरीपलीकडे उभ्या असलेल्या तिच्या भावाच्या हातात दिलं आणि चेन लावली. एक शब्द बोलली नाही. स्वस्तात सुटले, असं मला वाटलं.

पहिलं विमान दोन तास वीस मिनिटं उशिरा उडालं. सूनबाई बोटांवर मोजत बसली. ठमी माझ्या मांडीवर पाय टाकून झोपली होती.

"एक तास चाळीस मिनिटं उरतात, आई. त्यात सामानाचा काउंटर एक तास आधी बंद होतो."

"म्हणजे?"

"म्हणजे चाळीस मिनिटं. उतरायचं, पासपोर्टवर शिक्का घ्यायचा, सहा बॅगा गोळा करायच्या, दुसऱ्या इमारतीत न्यायच्या."

"आणि नाही जमलं तर?"

"पुढचं विमान परवा. एकोणीसला."

पुढचं तिने बोलायची गरज नव्हती. ठमीचे मोजे खाली घसरले होते ते मी उगाच वर ओढले. मला माझाच राग आला, आणि भीतीही वाटली. पोरीचा बाप आणखी दोन वर्षं फोनमध्ये राहिला असता, आणि तो माझ्या हट्टामुळे.

विमानाच्या दाराशी एक बाई खुर्ची घेऊन उभी होती. माझ्याहून पंधराएक वर्षांनी लहान, बुटकी, अंगात पिवळं जाकीट, केस करकचून बांधलेले. नको म्हणायला मी तोंड उघडलं होतं. पण सूनबाईचा चेहरा पाहिला आणि बसले. आयुष्यात पहिल्यांदा त्या खुर्चीत बसले.

त्या बाईने पायाच्या फळ्या खाली केल्या. माझ्या शालीचं टोक चाकाजवळ लोंबत होतं ते उचलून मांडीवर ठेवलं. मग खांद्यावर हलकेच हात ठेवून माझी दोन्ही कोपरं आत सरकवली आणि तिच्या भाषेत काहीतरी म्हणाली. भाषा मला कळली नाही, बोलणं कळलं. प्रत्येक दाराआधी मी हेच म्हणायचे, "हात आत घ्या." दाराच्या चौकटीला कोपरं सोलवटलेली मी कमी पाहिलेली नाहीत. कामात नवखी नाही ही, मी मनात म्हणाले आणि जरा सैल झाले.

खुर्चीवाल्यांची रांग वेगळी. शिक्के दहा मिनिटांत झाले. सामानाच्या पट्ट्यावर मात्र पाच लाल रिबिनी आल्या आणि सहावी येईना. पट्टा फिरतोय, लोक आपापल्या बॅगा ओढून चाललेत, आणि आम्ही ध्यान लावून बसलोय. आली एकदाची, सगळ्यात शेवटी. तव्याचीच. माझ्यासारखीच हट्टी.

आता ट्रॉल्या दोन झाल्या आणि ढकलणारी एकटी सून, तीही अर्धवट झोपेतल्या ठमीला खांद्यावर घेऊन. एका हाताने ढकलली की ट्रॉली खांबाकडे जायची. दुसऱ्या ट्रॉलीला कुणीच नाही, कारण जाकीटवाली माझ्यात अडकलेली. तिने ट्रॉलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. काउंटर बंद व्हायला सतरा मिनिटं होती.

मी दोन्ही ब्रेक लावले, फळ्या वर केल्या आणि उठले.

"आई, बसा! काय करताय?"

"ठमीला इकडे दे."

ठमीला खुर्चीत बसवलं, शाल तिच्याभोवती गुंडाळली, हातातली बॅग तिच्या पायाशी ठेवली. ट्रॉलीकडे बोट करून जाकीटवालीला म्हटलं, "ती तू घे." तिने मान हलवली, नको, नियम आहे, असं काहीसं. पण तोवर मी निघाले होते. खुर्चीच्या मुठी हातात आल्या की गुडघा निम्मा विसरतो. धरायला असतं ना. सहा वर्षं झाली होती निवृत्त होऊन. हात काही विसरले नव्हते.

"बाजूला व्हा! पेशंट आहे!" मी ओरडले. इस्पितळातला आवाज तो, तीन मजले ऐकू जायचा. कुठल्याही देशातला माणूस त्या आवाजाला बाजूला होतो, हे मला त्या दिवशी कळलं. सूटबूटवाले भिंतीला चिकटले. ठमी जागी झाली आणि दोन्ही हात वर करून "अजून जोरात!" म्हणू लागली. पेशंटला शोभेल असं काही तिच्यात नव्हतं.

"हात आत घे, ठमे!"

लिफ्टमध्ये खुर्ची उलटी घातली. पुढे लांबच लांब उतार आला. उतारावर खुर्ची सरळ नेली तर पेशंट पुढे घसरतो, म्हणून खुर्ची फिरवून आपण आधी उलटं उतरायचं. जाकीटवाली दुसरी ट्रॉली ढकलत मागून येत होती आणि मला थांबवायला हात करत होती. तिने पाहिलं, मी कधीच फिरवली होती. ती मोठ्याने हसली. माझ्याकडे बोट केलं, मग स्वतःच्या छातीवर ठेवलं: तूही? मी मान डोलावली. त्या घाईतही तिने ट्रॉलीला एक थाप मारली आणि माझ्याबरोबर धावू लागली. पहिल्या ट्रॉलीवर सून होती. आमची वरात अशी दुसऱ्या इमारतीत शिरली.

काउंटरवर पोचलो तेव्हा चार मिनिटं उरली होती. तिथल्या बाईने कागद पाहिले आणि खुर्चीत पाहिलं. कागदावर चौसष्ट वर्षं आणि खुर्चीत तीन. मी चटकन ठमीला उचललं आणि खाली बसले. त्या बाईचे ओठ हलले, पण हसू तिने गिळलं. बॅगा एकामागून एक गेल्या. तव्याची चढली तेव्हा आकडा लाल झाला; या कंपनीची मर्यादा आणखी कमी. बाईने आकड्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, धापा टाकणाऱ्या माझ्याकडे पाहिलं, आणि बॅगेला चिठ्ठी चिकटवून ढकलून दिली. त्या अनोळखी बाईचं भलं होवो. तसं मी तिथल्या तिथे मोठ्याने म्हणाले.

पुढे मात्र जाकीटवालीने मला उठू दिलं नाही. उठता आलंही नसतं. गुडघा आता स्पष्ट बोलत होता. तिने खुर्ची ढकलली, मी बसून राहिले, आणि माझ्या लक्षात आलं की ती कशी दिसते हे मी विसरले आहे. नाक कसं होतं? डोळे? तिचा श्वास कानामागे ऐकू येत होता, बुटांचा आवाज येत होता, पण ती दिसत नव्हती. मान वळवून पाहिलं तर पिवळ्या जाकिटाची बाही तेवढी दिसली.

एकतीस वर्षं मी मनात एक धरून होते. इतकी माणसं ढकलली, पण एकानेही वळून पाहिलं नाही. डॉक्टरांना पेढ्याचा बॉक्स, नर्सबाईंना फुलं, आणि मावशीला काय? फाटकातून गाडी सुटायची आणि मी रिकामी खुर्ची घेऊन परत. घरी येऊन चिडचिड करायचे, माणसं कृतघ्न असतात म्हणायचे. आज कळलं. खुर्चीत बसलेल्याला ढकलणारा दिसतच नाही. बिचारे वळणार तरी कसे? एवढ्या वर्षांचा राग तिथेच विरला. हलकं वाटलं, आणि थोडी लाजही वाटली.

विमानाच्या फाटकाशी पोचल्यावर मी जाकीटवालीला हाताने खूण करून समोर बोलावलं. ती आली, वाकली, काय दुखतंय का बघू लागली. भुवईवर एक जुनी खूण होती, डोळे तपकिरी होते. मी तिचे हात हातात घेतले. अंगठ्याखाली घट्टे होते. मी माझे दाखवले. तेच घट्टे, त्याच जागी, सहा वर्षांनीही गेलेले नाहीत. तिने त्यांवरून बोट फिरवलं. आमच्या दोघींचेही डोळे भरून आले. मग तिला पुढच्या विमानाचा बोलावा आला आणि ती रिकामी खुर्ची घेऊन निघाली. कोपऱ्यावर वळेपर्यंत मी बघत राहिले. कुणीतरी बघायला हवं होतं.

दुसऱ्या विमानात ठमी झोपल्यावर मी सूनबाईला विचारलं, "तवा दिसला होता ना तुला?"

"दिसला होता."

"मग काय काढलंस?"

"माझे थंडीचे बूट. तिकडे मिळतील."

"मला का बोलली नाहीस?"

"तुम्ही त्या तव्यासकट निघालात, आई. मी तव्याला हात लावला असता तर तुम्ही परत घरी गेला असता."

खरं होतं ते. मी खिडकीबाहेर बघत राहिले. ढगांशिवाय काही नव्हतं. दोन वर्षं ही पोर मला मागून ढकलत होती. कागद, रांगा, तीनदा बदललेली तिकिटं, माझा रुसवा, गुडघ्यासाठी गुपचूप सांगितलेली खुर्ची. आणि मी म्हणत होते, ही समोर येतच नाही.

अठरा तारखेच्या सकाळी आम्ही उतरलो. दाराशी खुर्ची होती, पण ढकलणारं माणूस आलं नव्हतं. सूनबाईने मुठी धरल्या. आमच्या पासपोर्टांवर शिक्के बसले. सहाही लाल रिबिनी आल्या, आणि तिथल्या एका हमालाने ट्रॉल्या ओढायला घेतल्या. समोर काचेचं दार होतं. दाराच्या पलीकडे गर्दीत माझा मुलगा टाचा उंच करून बघत होता. ठमी माझ्या मांडीवर होती.

"थांब," मी म्हणाले. "ब्रेक लाव आणि समोर ये."

ती धावत समोर आली. "काय झालं? गुडघा दुखतोय?"

"काही नाही. तुझं तोंड बघायचं होतं."

डोळ्यांखाली काळं झालं होतं तिच्या. केसांची बट सुटली होती. पायात पातळ चपला होत्या. मी तिचा गाल धरला. "पोरी, मला तू आणलंस इथवर. मला कधी दिसलंच नाही ते. फार उपकार झाले तुझे."

ती काही बोलली नाही. तिची ती जुनी खोड. डोळे पुसून ती मागे गेली, ब्रेक काढला, आणि माझ्या खांद्यावर तिचा हात आला.

"हात आत घ्या, आई," ती म्हणाली. "दार आहे."