दुपारी चारचा आवाज

मित्रांनो, मी एका जुन्या संगणकाची हार्ड डिस्क आहे. चौदा वर्षं एकाच टेबलाखाली काढली. माझे मालक भाषांतरकार. "आमची डिस्क कधी कुरकुरत नाही," असं ते पाहुण्यांना सांगत, आणि मी नेमकी तेव्हाच कुरकुरत असे.

शेवटच्या आजारात त्यांनी मालकीणबाईंसाठी माझ्यात आपला आवाज भरला: "गोळी घेतलीस का?" रोज दुपारी चारला तो आपोआप वाजावा, अशी सोय केली. ते गेले. आवाज वाजत राहिला. मालकीणबाई खुर्चीतूनच उत्तर देत, "घेतली हो, ओरडू नका."

पुढे मी थकले. एकदा तर "गोळी गोळी गोळी" असा आवाज अडकून बसला.

त्यांची लेक एरवी सकाळी धावती भेट देऊन जाई. आईला व्हिडिओ कॉलवर आपला चेहरा तरी दिसावा, म्हणून एका सुट्टीला ती संगणक हलका करायला बसली. पेनड्राइव्हवरून तीन हलक्या ऑपरेटिंग सिस्टिम तिनं चालवून पाहिल्या. पहिलीला मेमरी पुरेना, दुसरीला पडदाच ओळखता येईना, तिसरी चटकन उभी राहिली. वडिलांचे फोटो आणि कागद तिनं आधीच काढून घेतले होते. आवाजाचं तिला ठाऊकच नव्हतं. पडद्यानं विचारलं, "सगळी डिस्क पुसायची?" तिनं 'हो' दाबलं.

चार वाजले. मालकीणबाई तळहातावर गोळी घेऊन बसलेल्या.

"आई, घे ना."

"थांब. त्यांनी अजून विचारलं नाही."

सगळं कळल्यावर, आणखी काही पुसलं जाऊ नये म्हणून लेकीनं प्लगच ओढला आणि मला दुरुस्तीला नेलं.

दुरुस्तीवाला म्हणाला, "ताई, पुसलं म्हणजे फक्त अनुक्रमणिका फाडली. पानं आत आहेत. नवी सिस्टिम हलकी, म्हणून थोडीच पानं तिच्या लिखाणाखाली गेली."

त्या थोड्यांतच तो आवाज गेला होता. सापडले ते दुसरेच: मालकांनी तेव्हा नापसंत करून पुसलेले सहा आवाज. घरी लेकीनं पहिला लावला. धाप. खोकला. "गोळी... घेतलीस का? छे, फारच आजारी वाटतोय. ती घाबरेल. पुन्हा."

लेक बंद करायला धावली.

"राहू दे," मालकीणबाई म्हणाल्या. "इतके दिवस ठणठणीत असल्याचं सोंग करत होते." मग पडद्याकडे वळून हळूच, "घेतली हो. पडा आता."

उरलेले पाच अजून कुणी लावलेले नाहीत. ते माझ्यात फिरत असतात.

मित्रांनो, जुन्या यंत्राला हलकं जरूर करा. पण पुसण्याआधी एक अख्खा दिवस त्याच्यापाशी बसा. सकाळी गप्प असणारं दुपारी कुणाशी बोलतं, ते ऐका.