दुकानाला मनाई

सुष्माला एवढंच हवं होतं, की हरिणीची मापं दुसऱ्या कुणी पाहू नयेत.

हरिणी शिवरामपेठेतली, नात्यागोत्यातलीच. ऑपरेशनमध्ये तिची डावी छाती काढलेली. तिच्या घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. पहिल्या ब्लाउजचं माप देताना तिने सुष्माचा हात धरला होता. "सुष्माक्का, तुझ्यापाशीच राहू दे हं."

सुष्मा हो म्हणाली आणि सवयीने मापं कॉम्प्युटरवर चढवून बसली. ब्लाउज शिवून गेला, धाकधूक राहिली. कॉम्प्युटर सगळ्या घराचा. नवरा पुनीत त्यावर बिलं करायचा, सासू भवानीबाई भजनं लावायच्या.

नियम : सुनेचं स्वतःचं कपाट.
स्थिती : ठरवलेली नाही.

शेवटी तिने एक व्हिडिओ लावला. त्यातला माणूस सांगत होता, घरगुती विंडोजमध्ये सुरक्षेची हत्यारं लपवलेली असतात, ही फाइल चालवा, बाहेर येतील. कुणापासून लपवलेली, ते त्याने सांगितलं नाही. तिने फाइल चालवली. काळी खिडकी उघडली आणि दोरा न ओवलेलं मशीन पळावं तशी पांढरी अक्षरं पळाली. मग नियमांच्या ओळीच ओळी, प्रत्येकीपुढे तिची स्थिती : ठरवलेली नाही. त्यातली एकच तिला कळली : इथे बसून आत यायला मनाई.

कुणाला?

तिने भवानीबाई असं टाकलं. असं कुणी सापडलं नाही. पुनीत टाकलं. तोही नाही. रोज याच खुर्चीत बसणारी माणसं, आणि सापडत नाहीत? शोधून शोधून एकच नाव निघालं : दुकान. कॉम्प्युटर पूर्वी पुढच्या दुकानात होता तेव्हाचं. म्हणजे दुकानातली सगळी, आणि आपण तर आतल्या खोलीत शिवतो, असा तिने हिशेब केला.

दुकानाला मनाई.

बंद करून पुन्हा चालू केला, पासवर्ड टाकला. पडद्यावर आलं, तुम्हाला असं आत येता येणार नाही.

"मला?" सुष्मा पडद्याला म्हणाली.

पुनीत हुणसूरला शाळेचे गणवेश पोचवायला गेला होता. तिने फोन लावला.

"अगं, दुकान म्हणजे आपणच की! दुसरं नाव कुठंय त्यात?"

"मग मी कोण?"

"तू दुकान. मी दुकान. आई पण दुकान. केलंस काय नेमकं?"

"सुम्ने, सहज बघत होते."

"सुम्ने बघताना कुणी दाराला खिळे ठोकतं होय? असू दे, संध्याकाळी दुरुस्तीवाल्याकडे नेतो. तो आतलं सगळं बाहेर काढून देईल."

सगळं बाहेर.

आणि हरिणीचा दुसरा ब्लाउज आजच बेतायचा होता, मापं तर आत अडकलेली. तिच्या नणंदेचा साखरपुडा, टी. नरसीपूरला. सुष्माने कसाबसा तिला फोन केला.

"परत माप?" हरिणी म्हणाली. "येते."

हरिणी आली तेव्हा भवानीबाई मधल्या खोलीत हुक लावत बसल्या होत्या. त्यांना काय सांगून बाहेर पाठवावं, सुष्माला सुचेना. तोवर त्याच उठल्या. रस्त्याकडचं दार लावलं, पडदा ओढला, आणि शिवणाच्या डब्यातून मऊ धोतराची, कापूस भरलेली एक गादी काढली, तळहाताएवढी.

"कड कच्ची ठेवलीय. हिच्या अंगाला लावून बघ."

हरिणीने सुष्माकडे पाहिलं. सुष्मा मान हलवत राहिली, नाही, नाही.

"तिनं नाही गं सांगितलं," भवानीबाई म्हणाल्या. "मागच्या ब्लाउजचे हुक कुणी लावले? कापड हातात आल्यावर कळत नाही होय?"

"आत्याबाई, कुणाला बोललात?" सुष्माने सासूला विचारलं.

"कुणाला बोलू? माइकवर, भजनात?"

हरिणीला हसू आलं. अंगाभोवती टेप, डोळ्यांत पाणी, आणि हसू.

सुष्मा आकडे लिहायला कागद शोधू लागली.

"लिहू नको," भवानीबाईंनी दोरा दिला. "मापामापाला गाठी मार. माझे सासरे मापं तशीच घ्यायचे. शिवून झालं की हिचा दोरा हिच्यापाशी. दर खेपेला घेऊन येईल."

संध्याकाळी पुनीत वायरी काढू लागला.

"सगळं पुसून द्या म्हणावं," सुष्मा म्हणाली.

"सगळं? गिऱ्हाइकांची मापं?"

"परत घेईन."

"अय्यो, झालंय काय तुला?"

तिलाही नीट सांगता येईना. आत्याबाईंना इतके दिवस ठाऊक होतं, तर आपण दार कुणावर लावत होतो? पुनीतने आईकडे पाहिलं. भवानीबाईंनी दातांनी दोरा तोडला आणि पुढचा हुक घेतला.